काट्याचं हसू

शर्मिष्ठाने पाठवलेली क्लिप मी मेथी निवडता निवडता ऐकली. फोन डब्याला टेकवून उभा केला होता. एक पोरगं बोलत होतं. सात-आठ वर्षांचं, थोडं नाकातून, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची घाई. "आई, मी नाही फोडला फुगा, फुगाच माझ्यावर येऊन बसला!" मला हसू आलं. म्हटलं, काय गोड पोर शोधून आणलंय कुणीतरी. मग ते पोर हसलं, आणि माझा हात मेथीच्या जुडीत तसाच राहिला.

ते पोर म्हणजे मीच होते.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. साळिंदराचं पिल्लू, नाव काट्या. कार्टून मूळ कुठल्या देशातलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. आमच्यापर्यंत आलं तेव्हा हिंदी होऊन आलं होतं. मराठीत काट्याचा आवाज मी दिला, एकशे चार भाग. लहान मुलांचे आवाज बहुतेक बायकाच देतात. मुलांना शाळा असते, मुलं दमतात, मुलग्यांचा आवाज कधी फुटेल त्याचा भरवसा नसतो. बाईचं तसं काही नसतं असा समज आहे. डबिंगवाल्यांची नावं तेव्हा पडद्यावर येत नसत. भागाच्या शेवटी काट्या झोपला की लगेच बिस्किटाची जाहिरात.

मी शर्मिष्ठाला फोन लावला. ती कोऑर्डिनेटर, म्हणजे कुठल्या आवाजाला कुठे पाठवायचं ते ठरवणारी. मला ओळखते ती गेल्या पाच-सहा वर्षांपासून, त्याआधीचं माझं काही तिला ठाऊक नाही.

"ऐकलंत ना, जानकीताई? त्याचा आता पिक्चर येतोय. शिवाय मोबाइलवरचा गेम. क्लायंटला सेम टू सेम हाच आवाज हवाय. तुमच्या जुन्या फॉर्मवर 'चाइल्ड व्हॉइस' लिहिलेलं दिसलं, म्हटलं विचारून बघू."

"आधी कुणी केलेला?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"अहो, तीच तर सापडत नाहीये. तो गोरेगावचा स्टुडिओ केव्हाच बंद पडला. कोण म्हणतं बाई नाशिकला गेली, कोण म्हणतं वारली."

"अरेरे," मी म्हटलं.

आता यात सांगून टाकायला काय झालं होतं? झालं होतं ते असं, की गेल्या तीन वर्षांत माझा आवाज उतरला. पाळी जाताना बऱ्याच गोष्टी जातात, त्यात वरचे सूरही गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. तुम्हाला काय गाणं म्हणायचंय का?" म्हटलं, नाही, साळिंदर व्हायचंय. त्यांनी मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

तर हिशेब सरळ होता. सांगून गेले आणि जमलं नाही, तर काट्याची बाई नापास. न सांगता गेले, तर मुलुंडची कुणी एक परबबाई नापास. दुसरं सोसण्यासारखं होतं.

आणि काट्या मला हवा होता. खोटं कशाला बोलू. या दोन वर्षांत मी चार सासवा केल्या, एक हेडमास्तरीण, आणि एका पौराणिक मालिकेत आकाशवाणी. यातलं कुणी धावत नव्हतं. कुणी झाडावरून पडत नव्हतं. सगळ्या बसून बोलायच्या.

चार दिवस मी न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसून सराव केला. तिसऱ्या दिवशी बाहेरून आमच्या शिवदासांचा आवाज आला, "गो, कोणाचो झील घेऊन बसलंस आत?"

बरं वाटलं. आत कुणाचा तरी मुलगा आहे असं नवऱ्याला तरी पटलं. मी कडी काढली तर म्हणाले, "दहावीतलो वाटता."

काट्या दुसरीत आहे.

*

स्टुडिओ अंधेरीला, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली गाड्यांना रंग मारतात, त्याचा वास जिन्यात. वर चपला दाराबाहेर काढायच्या. अरुंद पॅसेज, एक वॉटर कूलर, दोन प्लास्टिकची स्टुलं. एकावर एक मुलगी बसली होती, चोवीसेक वर्षांची, मांडीवर स्क्रिप्ट, ओठ हलत होते.

"गुड मॉर्निंग, मॅम."

"मॅम नको गं. काकू चालेल."

नाव नीलम. घाटकोपरची. एका बँकेच्या कॉल सेंटरला होती, महिन्यापूर्वी सोडलं. घरी अजून सांगितलं नव्हतं.

"आई मला रोज डबा देते," ती म्हणाली. "मी रोज घेऊन निघते. हे झालं नाही तर परत हेडफोन लावून 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. हे झालं तर निदान सांगायला काहीतरी होईल."

"काट्या बघायचीस तू?"

"बघायचीस काय, काकू! पाठ आहे मला. चौथीत होते. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि टीव्ही. माझा दादा मला काट्याच म्हणायचा." मग तिने थांबून विचारलं, "तो मुलगा आता केवढा असेल हो?"

"कोण मुलगा?"

"ज्याने आवाज दिला तो. आता तर आवाज फुटला असेल ना त्याचा?"

मी कूलरकडे बघितलं. "असेल. इतकी वर्षं झाली."

तेवढ्यात देवेशने मला आत बोलावलं. देवेश डबिंग डिरेक्टर. वय असेल तीसच्या आसपास, डोळे लाल, सकाळपासून सात मुली ऐकून झालेल्या. "ताई, आधी एफर्ट्स घेऊन टाकू. गेमचे आहेत, वीसेक."

एफर्ट्स म्हणजे शब्द नसलेलं सगळं. धाप, चावणं, उचकी, पडणं, आणि मुख्य म्हणजे ओरडणं. गेममधलं पिल्लू दर दोन मिनिटांनी दरीत पडतं, पाण्यात बुडतं, त्याच्यावर दगड येतो. ओरडणं नेहमी शेवटी घ्यायचं असतं, कारण त्यानंतर गळ्यात काही उरत नाही. हे मला ठाऊक होतं. देवेशला ठाऊक नव्हतं किंवा घाईत होता. पण दोन वर्षांनी कुणी पोराच्या कामाला बोलावतं तेव्हा बाई अटी घालत नाही. मी म्हटलं, "घे ना."

दरी झाली. पाणी झालं. दगड तीन वेळा घेतला, लहान दगड, मध्यम दगड, मोठा दगड. बूथमध्ये मी एकटी, कानावर हेडफोन, आणि समोर पडद्यावर ते गोल गरगरीत पोर वारंवार मरत होतं आणि परत उभं राहत होतं. सतराव्या किंकाळीला गळ्यात काहीतरी खरवडलं.

मग डायलॉग. "आई, मी नाही फोडला फुगा." माझ्याच कानांना कळलं. शब्द बरोबर, घाई बरोबर, आणि बोलतंय कोण, तर कुणाची तरी आत्या.

"परत एकदा घेऊ, ताई. थोडं लहान."

थोडं लहान. घेतलं. आणखी थोडं लहान. घेतलं. मग हसू घेतलं, तर हसण्याऐवजी खोकलाच आला.

देवेशचा आवाज हेडफोनमध्ये आला, फार सांभाळून. "ताई, अॅक्टिंग एक नंबर आहे. खरंच. पण तो हा नाहीये. आणि ते हसू तर कुणालाच जमत नाहीये, त्याचं टेन्शन घेऊ नका. आमच्या रेकॉर्डिस्टने ते मशीनवर उलटं लावून पण बघितलं. उलटं लावलं तर जास्त बरोबर वाटतं!" तो हसला. "आज कुणी मिळालं नाही तर सोमवारी परत घेतोय. तुमचा गळा आज बसलाय. तुम्ही सोमवारी या, फ्रेश."

मी बाहेर येऊन स्टुलावर बसले आणि पिशवीतली गरम पाण्याची बाटली काढली. सोमवार. मध्ये चार दिवस. वाफ घ्यायची, बोलायचं नाही, आणि या खेपेला सांगायचं की बाबा रे, आधी डायलॉग. हसू तर या जगात एका माणसालाच येत होतं. हसू बरोबर आलं की बाकीचं थोडं जाड असलं तरी कान माफ करतात, हे मला ठाऊक आहे. म्हणजे दार उघडं होतं. फक्त आज कुणी आत जायला नको होतं.

नीलम दहा मिनिटांत बाहेर आली. गाल लाल.

"डायलॉग झकास म्हणाले. डिट्टो म्हणाले. पण हसू नाही. पाच मिनिटं दिलीयत, नाहीतर सोमवारी." ती भिंतीकडे तोंड करून हसू लागली. "खि खि खि."

मी पाणी प्यायले.

"खे खे खे. काकू, हे जवळ वाटतंय का?"

"मी काय सांगू," मी म्हटलं.

"खिक्. खिक्. खी." तिने कपाळावर हात मारला. "वाट लागली यार. लहानपणी यायचं मला. दादाला विचारा."

स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायची मला हौस नाही. मी बाटलीचं झाकण लावत होते आणि मनात म्हणत होते, नाही येणार तुला. पण ती पाचव्यांदा तसंच हसली, सगळा वारा बाहेर टाकत, आणि ते माझ्या कानाला सोसेना. आपल्या पोराची कुणी चुकीची नक्कल करतंय आणि आपण शेजारी बसून ऐकतोय.

"आत ओढ," मी म्हटलं.

"काय?"

"हसू बाहेर नाही टाकायचं. श्वास आत घेताना हसायचं. जिना धावत चढलेलं पोर कसं, हसायचंही असतं आणि दमही घ्यायचा असतो. तसं."

तिने केलं. उचकी आली. परत केलं, ठसका लागला. मी तिच्या बरगड्यांखाली हात ठेवला. "इथून नाही, वरून. थोडाच वारा. घाबरल्यासारखा."

तिसऱ्यांदा काट्या हसला. कूलरच्या शेजारी उभा राहून, माझ्या हाताखाली.

मी हात काढून घेतला.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"जा आत. पाच मिनिटं झाली."

बूथचं दार जाड असतं, बाहेर काही ऐकू येत नाही. दाराला वीतभर काच आहे. तिच्यातून मला नीलमची पाठ दिसली, खांदे दोनदा आत ओढले गेलेले दिसले. पलीकडे देवेश खुर्चीतून उठला. ऐकू काहीच आलं नाही. त्याची मला गरजही नव्हती, आणि होतीही.

देवेश स्वतः बाहेर आला. मागोमाग नीलम.

"ताई, हिला तुम्ही सांगितलंत? आम्ही आठ दिवस डोकं फोडतोय. तुम्हाला कसं कळलं?"

"लिफ्ट बंद होती त्या दिवशी," मी म्हटलं. "गोरेगावला. चार मजले चढून गेले, धाप लागलेली, आणि काट्याचं पहिलंच काम हसायचं. मी काही कुठे शिकलेली नव्हते, थांबून दम घ्यायचा असतो हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तशीच हसले. शिकलेली असते तर तसं हसलेच नसते."

त्याने गळ्यातला हेडफोन काढला.

"नाशिकला गेले नाही," मी म्हटलं. "आणि वारलेही नाही."

"ताई! मग आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर घेतलं असतंस?"

पोरगा चांगला होता. त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही," तो म्हणाला. "पण निदान खुर्ची दिली असती."

मला खरंच हसू आलं. नीलमला मात्र नाही. ती स्क्रिप्ट छातीशी धरून उभी होती.

"म्हणजे तो मुलगा तुम्ही. आणि मी तुमच्यासमोर..." ती थांबली. "सोमवारी तुम्हालाच मिळालं असतं. का सांगितलंत मला?"

"तू चुकीचं हसत होतीस."

"काकू, चेष्टा नको. हे तुमचं आहे."

"मग नकोय तुला? बोल. डबा घेऊन जातेस परत कॉल सेंटरला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती खरं बोलली. "हवंय."

"मग नाटकं कशाला करतेस," मी म्हटलं. मग पिशवी उचलता उचलता हळू आवाजात, देवेश आत जाऊन रेकॉर्डिस्टशी बोलत होता तेव्हा, तिला सांगितलं, "ऐक. ओरडायचं काम नेहमी शेवटी. डायलॉग, हसू, रडू, सगळं आधी. ते म्हणतील पाचच मिनिटं, आधी घेऊन टाकू. नाही म्हणायचं. पहिल्याच दिवशी म्हणायचं, नंतर जमत नाही. मी एकशे चार भाग कधी म्हटलं नाही."

"मग?"

"मग ऐकलास ना माझा आवाज."

आतून देवेश ओरडला, "नीलम, ये पटकन! क्लायंट लाइनवर आहे. आधी त्या किंकाळ्या पाठवून देऊ, दोन मिनिटांचं काम."

ती दारात गेली. मला वाटलं जाईल, मीही गेले असते. तिने चौकटीला हात धरला. "सर, ओरडायचं शेवटी घेऊया? आधी डायलॉग."

"का गं?"

"गळा बसतो, सर."

देवेशने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर वाकून चपला शोधत होते. आठ-दहा जोड होते, सगळे सारखेच दिसत होते.

"बरं," तो म्हणाला. "डायलॉग लाव रे."

दार मिटलं. दारावरचा लाल दिवा लागला. दिवा लागला की पॅसेजमध्ये आवाज करायचा नसतो, खालची फरशी वाजते. मी चपला हातात घेतल्या आणि जिन्याच्या वळणापर्यंत तशीच अनवाणी उतरले.