पेटीतली खाट

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानापुढं त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पेटीवाले महाराज आले होते. ज्याला त्याला पेटीत डोळे घालायची घाई, आणि जो घाली तो किंचाळून मागं सरे. "हात लांबवला असता तर चटका बसला असता बया!" असं भागूबाई दहाव्यांदा सांगत होती. तिनं पेटीत मेलेल्या नवऱ्याची चिता जळताना पाहिली होती. चित्र नव्हे, खरीखुरी, आत खोलवर.

रांगेत रत्नपाल उभा होता. आखाडा बाळापूरचा तिशीतला गडी. घरात देव्हारा नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, भुताखेतांना हसणारं घराणं. पण दोन महिन्यांपूर्वी कपाशीवर फवारायचं औषध त्यानं बादलीत उघड्या हातानं ढवळलं आणि विष अंगात भिनलं. नांदेडच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात नऊ दिवस काढून आल्यापासून तो हसणंच विसरला. डोळा लागला की ती खाट यायची. हात बांधलेले, घशात नळी, कानाशी टिक टिक, भिंतीवरून उतरणारे किडे, आणि तोंड नसलेली एक हिरवी बाई छातीवर वाकलेली. सांगायचं कुणाला? लोक वेड्यात काढतील. शेवटी फाट्यावरच्या चहावाल्यापाशी त्यानं मन मोकळं केलं. शेजारच्या बाकड्यावर महाराजांचा चेला बशी फुंकत बसला होता, त्याकडं त्याचं लक्ष गेलं नाही.

मग काय! मागच्या बुधवारी महाराजांनी न विचारताच "खाट!" म्हणून आरोळी ठोकली आणि पेटी पुढं केली. आत खाट होती. पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी निपचित पडलेलं.

"तुझा अर्धा जीव तिथंच हाय, बच्चा," महाराज म्हणाले होते. "खाट दुसरं माणूस मागून राहिली. तुझ्या घरातल्या कुणी दवाखान्याचा उंबरा ओलांडला, की धरलंच तिनं."

आणि घरात त्याची बायको ज्योती नऊ महिन्यांची. लेकरू पोटात आडवं. घरी बाळंतपण कराल तर दोघंही जातील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी रत्नपालनं तिला सांगून टाकलं, दवाखान्यात जायचं नाही. आज तो महाराजांकडं उतारा मागायला आला होता.

"उतारा एकच!" महाराजांनी बुबुळं फिरवली. "बाळंतपण घरात! अलख निरंजन, ओम फट्, खाट हट्!"

गर्दीनं हात जोडले.

"महाराज, मला बी बघू द्या की तुमची पेटी," मागून एक बाई म्हणाली.

रत्नपालच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज त्यानं त्या खाटेवर ऐकला होता. त्यानं वळून पाहिलं. पोट सावरत ज्योती उभी होती, आणि तिच्याजवळ एक उंच बाई.

"वळखलं न्हाई ना, भाऊ? मी नजमा, तुमच्या वार्डातली सिस्टर. माहेर बाळापूरचं. ईदला आले, तर ज्योती रडत घरी आली." तिनं ओढणी नाकावर ओढली. नुसते डोळे उरले. "आता? वार्डात तोंडाला मास्क अन् अंगात हिरवा गाऊन असतो माझ्या."

रत्नपाल दोन पावलं मागं सरला. तीच ती हिरवी बाई!

"तुमचे हात मीच बांधले. नळी उपटून राहिले होते तुमी, काय करू? ते विष उतरवायचं इंजेक्शन असं, की माणसाला किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात. वर झोप न्हाई, दिवस हाय का रात ते कळत न्हाई. आमच्याकडं लई जणांचं असं होतं. एक हेडमास्तर तर मला चोर समजून चावले! तुमी येडे न्हाई, भाऊ."

दोन महिन्यांत हे त्याला कुणीच म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"पण पेटीत खाट हाय, सिस्टर. आत जागा हाय, उतरता येईल एवढी!"

"एक डोळा मिटून बघा."

"पेटीला हात लावाल तर डोळे जातील!" महाराज कडाडले.

"जाऊ द्या. डोळ्यांचा वार्ड बी हाय आमच्याकडं."

रत्नपालनं एक डोळा मिटला आणि आत पाहिलं. खाट कॅलेंडरावरच्या चित्रासारखी सपाट झाली. नजमानं झाकण उचललं. आत शेजारी शेजारी खाटेचे दोन फोटो, दोन भिंगं, एक बारका दिवा आणि सेल, आणि खाली चितेच्या फोटोंची दुसरी जोडी.

"आपले दोन डोळे जरा वेगळ्या जागेवरून बघतात," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तसेच दोन फोटो काढायचे, दुसरा दोन बोटं सरकून. डाव्याला डावा, उजव्याला उजवा. आतली जागा आपलाच मेंदू तयार करतो. भागूबाई, चितेवर नवऱ्याचं तोंड दिसलं का?"

"न्हाई माय, मीच समजले."

महाराजांना तेवढ्यात हिंगोलीची बस दिसली. पेटी सोडून ते चेल्यासह पसार झाले. सोनाजी टायरवाला टायर काढायची लोखंडी टॉमी घेऊन पेटी फोडायला धावला.

"फोडू नका," नजमा म्हणाली. "मला लागती."

पाच दिवस ती रोज पेटी घेऊन रत्नपालच्या घरी आली. तीच खाट, पण आता शेजारी ती बसलेली. "ही नळी कशाची? श्वासाची. हे यंत्र? तुमच्या काळजाचे ठोके मोजतंय." पहिल्या दिवशी तो घामानं निथळला. तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "अन् ही बाटली कशाची?" महाराजांनी जे दाखवून भिववलं, तेच तिनं समजावून दाखवलं. त्याची भीती गेली नाही. पण तिच्यातल्या एकेका वस्तूला नाव मिळालं.

सहाव्या दिवशी कळा सुरू झाल्या. जीप नांदेडच्या दवाखान्यापुढं थांबली आणि उंबऱ्यापाशी रत्नपालचं पाऊल अडखळलं.

"भ्याव वाटतं का?" कळा सोसत ज्योतीनं विचारलं.

"व्हय. लई." असं म्हणून त्यानं तिला घट्ट धरलं आणि आत नेलं.

मंडळी, भिणं हा काही गुन्हा नाही. पण भ्यालात तर जाणत्या माणसाला विचारा, "हे काहून झालं?" कुणा पेटीवाल्याच्या सांगण्यावरून आपल्या माणसाची दवाखान्याची वाट अडवू नका. ज्योतीचं ऑपरेशन झालं. मुलगी पावणेतीन किलोची भरली, आणि आई शुद्धीवर आली तेव्हा रत्नपाल तिच्या खाटेशेजारी बसलेला होता.