लाल म्हणजे अर्थिंग

शनिवारी दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांनी ऑर्ट्विन हालबाखने वायरचा वीतभर तुकडा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि दिव्याखाली धरला. करड्या तारेचा करडेपणा सगळा बोळ्यावर उतरला होता. खालून हिरवी तार निघाली.

त्याने पुन्हा पुसली. हिरवीच. साठ वर्षांचा मळ होता तो, दुसरं काही नाही.

जर्मनीतल्या वुपरटालमध्ये जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारे चारपाच वेडे आहेत, त्यांतला हा सगळ्यात पक्का. तळघरात एकतीस यंत्रं, एकाहीवर धुळीचा कण नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, "वर घर झाडायला एक धड चालत नाही, आणि खाली पलटण उभी केलीय." हात सोन्याचा. जीभ मात्र ताठ. 'चुकलं माझं' हे दोन शब्द त्या जिभेवरून कधी कुणी ऐकले नव्हते.

हा तुकडा ज्या यंत्राच्या वायरचा होता ते इंग्लंडचं होतं, उभ्या दांड्याचं, चकचकीत धातूच्या अंगाचं. ते त्याच्या धाकट्या बहिणीचं, आडेलहाइडचं. सदतीस वर्षं बोलणं नव्हतं दोघांचं. तीन आठवड्यांपूर्वी तिने ते दोघांच्या ओळखीच्या फोल्कमारबरोबर पाठवलं, वर निरोप: "लेनच्या आईचं आहे. दुरुस्त कर. बोलायचं काही नाही." लेन म्हणजे तिचा इंग्रज नवरा. तो वारूनही आता चार वर्षं झाली होती.

ऑर्ट्विनने जीव ओतून काम केलं. मोटर खोलली, घासली, ब्रश नवे घातले. मूळ वायर ठेवायची हा त्याचा नेम, म्हणून फक्त कुजलेलं टोक कापलं. त्या टोकाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. वरचं तिरकं अक्षर लेनचं, हे लांबूनच ओळखू आलं. ऑर्ट्विनने दोरा कापला आणि चिठ्ठी न वाचता केराच्या डब्यात टाकली. मग वायरला इथला प्लग जोडला.

वायरमध्ये तीन तारा दिसल्या: काळी, करडी, लाल. चौदाव्या वर्षी, बासष्ट साली, वायरमनच्या हाताखाली तो हेच तीन रंग शिकला होता. काळी आणि करडी पिनांना, लाल अर्थिंगला. पुढे सरकारने रंग बदलले, पण जुन्या जर्मन यंत्रांत तेच तिन्ही सापडतात, आणि जुन्या यंत्रांतच तर त्याचं आयुष्य गेलं. डोकं बाजूला राहिलं आणि हातांनी जोडून टाकलं. यंत्र सुरू केलं, गोड चाललं. मीटर लावून तपासायचं? छे! पन्नास वर्षं काय भाकऱ्या भाजल्या?

पण ते इंग्रजांचं यंत्र होतं. इंग्रजांकडे लाल म्हणजे करंट. अर्थिंग हिरवी, आणि ती थेट यंत्राच्या अंगाला जोडलेली. ती हिरवी त्याने करडी समजून पिनेला दिली होती.

इथला प्लग उलटसुलट कसाही बसतो. एका बाजूने घातला की यंत्र चालतं, कळतसुद्धा नाही काही. दुसऱ्या बाजूने घातला की यंत्र मुकं, आणि सगळा करंट त्या चकचकीत अंगात. ऑर्ट्विनच्या तळघरात काय किंवा आडेलहाइडच्या जुन्या इमारतीत काय, अशा वेळी वीज तोडणारी पेटी कुठेच नव्हती.

आणि यंत्र मुकं राहिलं की माणूस काय करतो? वाकतो आणि त्याच्या अंगावर दोन थापा मारतो. आडेलहाइडची कंबर लहानपणापासून अधू. वाकताना ती एका हाताने खोली तापवणारा लोखंडी रेडिएटर धरते. एक हात रेडिएटरवर, एक यंत्रावर, आणि करंट तिच्या अंगातून जमिनीत. 

दोनच वाजता फोल्कमारचा फोन आला होता. "दिलं रे पोचवून. खूश दिसली हो तुझी बहीण, दाखवत नाही एवढंच. म्हणाली, तीनला चालवून बघते." तो आता कोलोन शहराच्या वाटेवर होता; त्याचाही उपयोग नव्हता.

तीनला, कारण एक ते तीन इमारतीत शांतता. त्या वेळात झाडायचं नाही, ठोकायचं नाही, व्हॅक्यूम तर नाहीच नाही. आणि तीनचा ठोका पडला की ती एक मिनिट थांबणार नाही. शनिवारी तीनला झाडायचं, हे आईने दोघांच्या हाडांत घातलेलं.

त्याने तिला फोन लावला. टूं टूं टूं. अर्थात! आईसारखीच तीही दुपारी रिसीव्हर काढून ठेवत असणार.

मग त्याने तातडीच्या मदतीचा नंबर फिरवायला घेतला. दोन आकडे झाले. पलीकडून विचारतील, काय झालंय? काय सांगायचं? मी हालबाख, मी तार चुकलो? बोट तिसऱ्या आकड्यावर थांबलं. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तसा हा मनुष्य! दोन मिनिटं, पुरती दोन मिनिटं, तो फोनकडे बघत उभा राहिला. मग टेस्टर खिशात घातला आणि टोपीशिवाय बाहेर पडला.

रुळाला लटकून नदीवरून जाणाऱ्या गाडीत त्याला बसवेना. दारापाशी उभा राहून तो घड्याळ बघत होता. दोन चाळीस. खाली उतरला तेव्हा दोन शेहेचाळीस. पुढे टेकडीच्या पायऱ्या. एकशे बावीस, लहानपणी दोघांनी मोजलेल्या. गुडघा तिसाव्या पायरीलाच बोंबलला. साठाव्या पायरीवर कठड्याला टेकावं लागलं. "बसू नकोस, मेल्या," तो स्वतःलाच म्हणाला, "वर ती मरेल."

पायऱ्या चढताना त्याला पंचाहत्तर सालचं स्वयंपाकघर दिसत होतं. लेनने सासूबाईंचा जुना धातूचा दिवा हौसेने दुरुस्त केला होता आणि लाल तार करंटला जोडली होती, त्याच्या देशात जोडतात तशी. आईने दिव्याला हात लावला, झटका बसून स्टुलावरून पडली, खुबा मोडला. पुढे मरेपर्यंत काठी. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत ऑर्ट्विन गरजला होता, "ज्याला लाल तार कळत नाही, त्याच्या हातात वायर देऊ नये. आणि बहीणही देऊ नये!" लेन मान खाली घालून उभा होता. आडेलहाइड त्याचा हात धरून निघून गेली, ती गेलीच.

इमारतीचा दरवाजा नशिबाने उघडा होता. जिना पुसायची पाळी तळमजल्यावरच्या बाईंची, फ्राउ ब्रेमकांपची, आणि त्या ओलं फडकं घेऊन मांजरीच्या पावलांनी पुसत होत्या.

"अहो, अहो! बूट! आणि हळू! तीन वाजायचेत अजून."

"मरू दे तुमचे तीन!" तो धापा टाकत वर गेला. दोन छप्पन्न. तिसऱ्या मजल्यावर त्याने घंटा दाबली. वाजली नाही, तीही दुपारची बंद. तो मुठीने दार बडवू लागला.

"कोण आहे? दुपारची वेळ कळत नाही का?" आतून आवाज आला. सदतीस वर्षांनी, आणि जसाच्या तसा खणखणीत.

"मी. ऑर्ट्विन. प्लग लावलायस?"

आतून सपाता वाजत दारापाशी आल्या. मग, "लावलाय. खटका दाबायचाय फक्त. तुला काय त्याचं? बोलायचं काही नाही असा निरोप दिला होता ना?"

"दार उघड. एक... एक स्क्रू राहिलाय."

"स्क्रू?" ती हसली. "एका स्क्रूसाठी तू इतक्या पायऱ्या चढलास? खोटं बोलायला लागलास की तुझा आवाज अजून बारीक होतो रे. जा घरी. तीनला चालवीन, नाही चाललं तर दोन थापा देईन."

तिच्या सपातांचा आवाज दारापासून लांब जाऊ लागला.  जीभ अजून ताठच होती, आणि आत ती एकेक पाऊल यंत्राकडे चालली होती.

"आडेलहाइड, हात लावू नकोस त्याला!" तो ओरडला. "लाल तार चुकलीय! लाल तार मी अर्थिंगला जोडलीय! त्याच्या अंगात करंट असेल, मरशील!"

सपाता थांबल्या. खालच्या मजल्यावर दोन दारं उघडली. "काय चाललंय हे? शांततेची वेळ आहे!" फ्राउ ब्रेमकांप फडकं घेऊन अर्ध्या जिन्यात आल्या होत्या.

"कुणी जोडली?" आतून विचारणा आली.

"मी."

"ऐकू नाही आलं."

"मी जोडली! मी, ऑर्ट्विन हालबाखने! चुकलं माझं!"

"आणि ज्याला लाल तार कळत नाही त्याच्या हातात...? पुढचं काय होतं रे?"

"वायर देऊ नये," तो दाराला कपाळ टेकून म्हणाला. रडत होता तो, फ्राउ ब्रेमकांपच्या देखत. "देऊ नये वायर."

कडी निघाली. आडेलहाइड केवढी म्हातारी झाली होती! यंत्र खिडकीपाशी उभं होतं, रेडिएटरपासून हातभर अंतरावर. प्लग भिंतीत होता.

"आधी दाखव," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर नाही विश्वास माझा."

त्याने टेस्टरचं टोक यंत्राच्या चकचकीत अंगाला लावलं. टेस्टरचा दिवा भक्कन लागला. उलटाच बसवला होता तिने प्लग. त्याने तो खेचून काढला. चर्चच्या घड्याळात तीन वाजले. वरच्या मजल्यावर एक व्हॅक्यूम सुरू झाला, मग खालच्या, मग शेजारच्या. सगळी इमारत घरघरू लागली.

आडेलहाइडने विझलेला टेस्टर त्याच्या हातातून घेतला. मग म्हणाली, "चिठ्ठी नाही वाचलीस? वायरला बांधलेली होती."

"कापून टाकली."

"वाचून?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "अक्षर त्याचं होतं म्हणून."

 ती स्वयंपाकघरात गेली आणि इंग्लंडहून आणलेला जुना टोस्टर घेऊन आली. त्याच्याही वायरला तसाच पुठ्ठा लटकत होता, कडा तेलकट झालेल्या. "आईचा खुबा मोडला त्या रात्री बसून लिहिल्या त्याने," ती म्हणाली. "आमच्याकडच्या प्रत्येक इंग्रजी वस्तूला बांधल्या. वाच."

लेनच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं. ऑर्ट्विन ओठांतल्या ओठांत वाचू लागला. "सावध. यात लाल म्हणजे करंट. मी एकदा चुकलो आहे, तुम्ही चुकू नका."

"मोठ्याने वाच," आडेलहाइड म्हणाली. "आता तीन वाजून गेलेत."