ऑगस्टस मामाचा गळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गळ आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर, जिथे अस्वलालासुद्धा अदबीने 'आजोबा' म्हणतात, तिथे ऑगस्टस मामाने मला घडवले. माझा एक हात तरंगणाऱ्या हलक्या लाकडाचा, दुसरा जड लाकडाचा आणि मधे हाडाचा काटा. पाठीवर मामाने ऑक्टोपस कोरला आहे. तो माशांना कसा दिसतो, याचे मला फार कुतूहल आहे. पण माझी आणि त्यांची गाठ पडते तेव्हा ते गप्पा मारायच्या मनःस्थितीत नसतात.

माझे तोंड मामाने मुद्दाम बेताचे ठेवले. त्यात पिल्लू अडकत नाही आणि थोराड मादीचा जबडा शिरत नाही. "त्या आया आहेत, त्यांना हात लावायचा नाही," असे तो म्हणे. मला पाण्यात सोडताना मात्र दर वेळी दम भरे, "जा रे आळशा! रिकामा आलास तर चुलीत घालीन!" मी घाबरून खाली जायचो आणि चपटा, घसघशीत हॅलिबट मासा घेऊन यायचो. मग तो माझे तोंडभर कौतुक करायचा.

पुढे पोलादी गळ आले. मासेमारीची आणि शिकारीची हौस असलेले पाहुणे विमानाने येऊ लागले. मामाची भाची सेलिना त्यांना होडीतून नेऊ लागली आणि मी भिंतीवर धूळ खात बसलो.

गेल्या हिवाळ्यात मामा वारला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आठवणीचे जेवण करतात. त्याचे ताट आगीत देतात, तेव्हाच ते त्याला पोचते. मामाच्या ताटात हॅलिबट हवाच होता, पण सेलिनाच्या पोलादी गळांना काही लागेना. पाहुण्यांनी मात्र माणसाएवढी मादी ओढून काढली आणि तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढले.

"हिच्यातलाच तुकडा घ्या की," एक पाहुणा म्हणाला.

"हिचा वाढला तर मामा ताट फेकून मारेल मला!" सेलिना म्हणाली.

जेवणाच्या दिवशी सकाळी तिने मला भिंतीवरून काढले. तिचा धाकटा भाऊ विल्बर हसला.

"ताई, शोभेची वस्तू घेऊन कुठे चाललीस? ते कॅलेंडरपण ने, त्याच्यावर मासा आहे!"

"तू लाकडं फोड. तोंड नको चालवूस."

तिने मला आमिष बांधले आणि गुपचूप पाण्यात सोडले. मासे आले, हुंगून गेले. तिने मला रिकामाच वर ओढले. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने मला तोंडासमोर धरले आणि थेट मामासारखी ओरडली, "आळशा, मामा उपाशी बसलाय तिकडे! रिकामा आलास तर चुलीत घालीन!"

तो दम मला लागू पडला, माशाला, की तिला स्वतःलाच, हे मला अजून उमगलेले नाही. पण या खेपेला दोरी ताणली गेली.

संध्याकाळी मामाचे ताट आगीत गेले. माशाची चरबी तडतडली. तेवढ्यात विल्बरने मलाही उचलून आगीवर धरले. "मामाची वस्तू मामाकडेच जाऊ दे." माझे लाकूड तापू लागले. मी मनातून पार हादरलो.

सेलिनाने मला हिसकावून घेतले. "मामाला मासा पोचलाय. गळ राहू दे. उद्या कामाला जायचंय त्याला."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नुसते भिंतीवर टांगून मान देऊ नका. हवे तर आळशी म्हणा, पण कामाला लावा. काल मी रिकामाच परत आलो. सेलिनाने मला चुलीत घातले नाही. नुसता सणसणीत दम भरला आणि पुन्हा पाण्यात सोडले. खाली जाताना मला फार बरे वाटले.