कुत्र्याच्या कोटातली टाचणी

रोज सकाळी शटर वर करताना शिंप्याच्या पोटात दुखायचं. औषधाचा उपयोग नव्हता, कारण दुखणं समोरच्या फुटपाथवर होतं. तिथे चष्मेवाल्याच्या पायरीवर, त्यानेच पायाला मलमपट्टी केलेला एक लंगडा कुत्रा ऐटीत बसायचा आणि येणारे-जाणारे चष्मेवाल्याला म्हणायचे, “किती मायाळू हो तुम्ही!” शिंपी तीस वर्षं लोकांची पोटं कोटात बसवत आला होता, त्याला कुणी मायाळू म्हटलं नव्हतं.

“मायेचा मक्ता काय त्यानेच घेतलाय?” तो काजं करत बसलेल्या थोरल्या बहिणीला म्हणाला.

“त्याने कुत्र्याचा पाय बघितला. तू चष्मेवाल्याकडे बघतोयस,” ताई म्हणाली.

थंडी पडताच शिंप्याने दुधात बिस्किटं कुस्करून कुत्र्याला आपल्या पायरीवर आणलं, टेप लावून मापं घेतली आणि लाल कोट शिवला. पाठीवर दुकानाचं नाव, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं. लोक थांबले, कौतुक झालं. चष्मेवालाही रस्ता ओलांडून आला.

“झकास झालाय कोट,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला, तेच शिंप्याला जास्त झोंबलं. “पण हा बसत का नाहीये?”

कुत्रा सकाळपासून उभाच होता. चष्मेवाल्याने त्याच्या पोटाखाली बोटं सरकवली आणि एक टाचणी बाहेर काढली. टोकाला रक्त होतं. कुत्रा मटकन खाली बसला.

“तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कपड्यात तुझी टाचणी राहिली नाही,” सुई न थांबवता ताई म्हणाली.

“अगं, पण त्याने ओरडायचं तरी!”

“गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून तू जपतोस. चांगुलपणा अंगात मुरला असता, तर समोर कोण उभं आहे हे तुझ्या हातांनी विचारलं नसतं.”

शिंप्याचे कान तापले. दुपारी रस्ता रिकामा झाल्यावर त्याने कुत्र्याची जखम धुतली, कोटावरचं नाव उसवलं आणि अस्तरावरून उघडा तळवा दोनदा फिरवला. कोट घालून कुत्रा तडक समोरच्या पायरीवर गेला. शिंप्याच्या पोटात पुन्हा दुखलं. तरी त्याने पाण्याचं भांडं भरून ठेवलं. आता रोज ठेवतो, कुणी बघत नसताना. दुखणं थोडं उतरलंय म्हणतो.

तर मंडळी, ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्याशी आपण जेवढे चांगले वागतो, तेवढेच आपण चांगले. दयेचा कोट कुणाला चढवण्याआधी आतून एकदा हात फिरवून बघावा.