चार बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. बिस्किटांचा नाही हं! बर्फाच्या कारखान्यात लाद्या गोठवतात ना, तो पत्र्याचा, कमरेएवढा उंच डबा. पंधरा वर्षं माझ्या पोटात पाणी शिरलं आणि बर्फ होऊन बाहेर पडलं.

मला मिठाच्या गार पाण्याच्या हौदात उभं करत. मिठामुळे ते पाणी इतकं थंड होऊनही गोठत नसे. गोठायचं ते माझ्यातलं. आधी कडेनं, मग हळूहळू आत. मधोमध हवेची नळी बुडबुडे सोडून पाणी हलतं ठेवी, म्हणजे लादी नितळ होई. त्या खळबळीत मला घटकाभर उसंत नसे. आणि गंमत सांगू? गोठताना पाणी आकसत नाही, उलट फुगतं! म्हणून भरताना काठाखाली चार बोटं जागा सोडायची.

ती चार बोटं डबे भरणाऱ्या मामंजींची. त्यांची सून तिथेच डबे उचलणारं यंत्र चालवायची, तिचं ऐकून सगळेच त्यांना मामंजी म्हणू लागले. ते काठाच्या आत हात आडवा धरत. करंगळीला पाणी लागलं की नळ बंद. "याच्यासारखा डबा नाही," म्हणत मला थोपटत. मी फुलून जाई.

यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी पाणी करंगळीला लागलं, तरी नळ चालूच. पुढच्या बोटाला लागलं, त्याच्या पुढच्या... काठोकाठ! माझा जीव वरखाली होऊ लागला. पण डब्याचं तोंड नुसतंच मोठं, आवाज कुठे आहे? हौदात पाणी गोठत आल्यावर शेवटी नळी काढली, वर बर्फाचं झाकण धरलं आणि आतलं पाणी फुगायला जागाच उरली नाही. करकर करत माझा सांधा उसवला. हौदातलं खारं पाणी आत शिरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरबतवाला थुंकतच परत आला. "अहो, बर्फ दिलात की मीठ?"

"डबा जुना झालाय," मामंजी खाली बघत म्हणाले. "टाका भंगारात."

पंधरा वर्षांची शाबासकी पाण्यात गेली, मित्रांनो. मला फार वाईट वाटलं. अंगणात पालथा पडून मी फाटकाची प्रत्येक कुरकुर ऐकत होतो. भंगाराची गाडी आली की मी वितळणार होतो.

तिसऱ्या दिवशी ती आली. मला वर चढवलं, आणि तिथून उघड्या दारातून मला मामंजी दिसले. नव्या डब्यातलं पाणी त्यांच्या बोटांवरून वाहत होतं आणि ते तसेच उभे.

सुनेनं धावत येऊन नळ बंद केला. "मामंजी, हाताला पाणी लागत नाही का?"

ते हळूच म्हणाले, "महिनाभर बोटं बधिर होत चाललीत, आता तर काही कळतच नाही. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

"आधी दवाखान्यात नेलं असतं!"

"नेशील. पण आधी ती गाडी थांबव. डबा चांगला होता गं. मीच खोटं बोललो."

ते स्वतः आले, मला उतरवून घेतलं आणि थोपटलं. त्यांच्या बोटांना मी लागलो नसेन. मला मात्र ती लागली.

आता माझा सांधा जोडलाय आणि आत चार बोटं खाली लाल रेघ आहे. तरी भरताना मी अजून धास्तावतो. मित्रांनो, आम्हाला भरताना रेघ बघा. आणि भरणाऱ्याचा हातही कधीतरी हातात घेऊन बघा.