आईंच्या कपाचा कान

आमच्या ह्यांना काचेतलं कोणी शिकवायला गेलं, की स्वारी भडकलीच म्हणून समजा. प्रयोगशाळांसाठी नळ्या आणि चंचुपात्रं फुंकण्यात हयात गेलेली. म्हणून थोरली नणंद सासूबाईंचा काचेचा कप घेऊन आली, तेव्हा मी तोंड मिटून बसले. सासूबाई गेल्या होत्या, ताई आता लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. घर आवरताना कपाचा कान तुटून त्याचे तुकडे झाले आणि नेमकी तेवढीच वस्तू तिला सोबत न्यायची होती.

"होईल ना रे?" तिने विचारलं.

"ताई, चेष्टा करतेस का माझी?"

आता काच दिसायला सारखी असली, तरी सगळी काच एक नसते. तापल्यावर प्रत्येक काच आपापल्या मानाने फुगते आणि गार होताना तशीच आकसते. दोन वेगळ्या काचा जोडल्या, तर एकमेकींना ओढून तडकतात. म्हणून आधी दोन्हींचे तुकडे एकत्र वितळवून तार ओढायची. गार होऊन सरळ राहिली तर जमलं, वाकली तर नाद सोडायचा. ही परीक्षा न घेता कोणी जोड दिला, तर हे त्याला फाडून खातात.

त्या दिवशी ह्यांनीच ती घेतली नाही. आपल्या नळ्यांच्या काचेचा नवा कान करून जोडायला घेतला, तर ज्योतीत कप फार लवकर मऊ पडला.

"अहो, ही आपली काच दिसत नाही," मी म्हटलंच.

"जुनी आहे, म्हणून."

सावकाश गार व्हायला ठेवलेला कप दुसऱ्या दिवशी भट्टीतून निघाला तो अगदी देखणा. ताईने दोन्ही हातांत घेतला आणि किती दिवसांनी मनापासून हसली. कप अजून कोमट होता. तो गार होईपर्यंत आम्ही बोलत बसलो आणि मध्येच टच्‌कन आवाज आला. कानापासून तळापर्यंत भेग गेली आणि ताईच्या ओंजळीत तुकडे राहिले.

माझं डोकंच फिरलं. "तार का नाही ओढलीत?"

ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत कपाच्या जुन्या कानाचे तुकडे होते.

"ह्यातलाच तुकडा वितळवावा लागला असता. रोज आईचं बोट असायचं ह्यात. हात धजेना माझा."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं.

"अरे वेड्या, मला विचारायचंस तरी," ती म्हणाली. "आईनेसुद्धा दिला असता."

हे मान खाली घालून तुकडे वेचत राहिले. आता तार ओढायला हवे तेवढे होते.