सयाजीच्या नावानं

संस्थान विलीन झालं त्या साली डॉक्टरांनी ज्ञानूचं सुजलेलं पोट दाबून सुनावलं, "दारू सोड, नाहीतर तुझ्या त्या दोस्ताच्या, सयाजीच्या वाटेनं जाशील."

त्या संध्याकाळी ज्ञानू गुत्त्याऐवजी गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेला. गवळी म्हशीची धार थेट पेल्यात काढून देत होता. गर्दी मरणाची, पण ज्ञानूला काळं कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. त्याचे सगळे सोबती तिकडं गुत्त्यावर बसले असतील.

पेला हाती आला आणि रोजच्या सवयीनं त्यानं बोट बुडवून मेलेल्या सयाजीच्या नावानं दोन थेंब भुईवर शिंपडले.

"आरं, दूध हाय ते! दारू न्हवं!" गवळी खेकसला.

"ठावं हाय की," ज्ञानू म्हणाला. "दारूनं मेला गडी. मेल्यावरबी मी त्याला दारूच पाजत हुतो."